जोखीम मोजणारी प्रणाली घ्यावी का? निपाणी भागातल्या सौहार्द संस्थेच्या संचालकांना उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. निपाणी भागातली सौहार्द सहकारी संस्था (कर्नाटकातल्या वेगळ्या सहकार कायद्याखालची पतसंस्था), ठेवी ६० कोटींच्या घरात, कर्जं ४४ कोटी, पाच शाखा, दोन हजारांच्या आसपास कर्जदार. बंगळूरच्या एका कंपनीचे लोक आर्थिक जोखमीचं विश्लेषण करणारी प्रणाली घेऊन आले. कर्जदाराला गुण देणं, कर्ज थकेल का याचा अंदाज, रोखतेचा (देणी द्यायला वेळेवर पैसा हाती असेल का याचा) तक्ता, बाजारातल्या चढउताराची जोखीम, मंडळासमोर मांडायचे आलेख, सगळं त्यात आहे. खर्च वर्षाला ९ लाख. तरुण संचालक घ्या म्हणतात, जुने म्हणतात आमचे सभासद आम्हाला ठाऊक आहेत. आणि निर्णय पुढच्या बैठकीत घ्यायचा आहे.

मी बेळगावात नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. आता चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यातल्या संस्थांची अंतर्गत तपासणी करतो. अशा प्रणाली घेतलेल्या संस्था पाहिल्या आहेत, न घेतलेल्याही. माझं मत आधीच सांगतो: आत्ता पूर्ण संच घेऊ नका. पण जुन्या संचालकांचं म्हणणंही मला पुरेसं वाटत नाही. सभासद ओळखीचा असणं आणि त्याच्या कर्जाची जोखीम माहीत असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या भागातली पतसंस्था एखाद्या कर्जदाराने हात वर केले म्हणून सहसा अडचणीत येत नाही. एकाच कारणाने पन्नास-शंभर कर्जं एकदम थकतात, आणि नेमकं त्याच महिन्यात ठेवीदार पावत्या मोडायला येतात, तेव्हा ती अडचणीत येते. म्हणून मंडळाने स्वतःला विचारायचं ते असं: आपल्या ४४ कोटींपैकी किती रक्कम एकाच कारणावर टेकलेली आहे? याचं उत्तर तुमच्याकडे आज नसेल तर कंपनीची प्रणालीही ते देऊ शकणार नाही, कारण ती माहिती तुमच्या संगणकात भरलेलीच नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. तुम्ही नागरी बँक असता तर माझं उत्तर वेगळं असतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नागरी बँकांचे चार स्तर केले. १०० कोटींहून जास्त ठेवींच्या बँका साधारणपणे दुसऱ्या किंवा त्यावरच्या स्तरात जातात, आणि तिथे जोखीमभारित मालमत्तेच्या (धोक्याच्या प्रमाणात मोजलेल्या कर्ज-गुंतवणुकीच्या) १२ टक्के भांडवल लागतं. एका कर्जदाराला टियर-१ (बँकेच्या स्वतःच्या मूळ) भांडवलाच्या १५ टक्के आणि एका गटाला २५ टक्के ही मर्यादाही त्यांना आहे. इतके तक्ते वेळेवर द्यायचे तर यंत्रणा लागतेच. तुमची संस्था कर्नाटक सौहार्द सहकारी अधिनियम १९९७ खाली नोंदलेली आहे, रिझर्व्ह बँकेच्या थेट देखरेखीखाली नाही. त्यामुळे तक्त्यांचा बोजा कमी आहे, पण आधारही कमी आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा) विमा असतो, तुमच्या ठेवीदाराला तो नाही. अफवा उठली तर तुमच्याकडे रांग लवकर लागेल. म्हणजे जोखमीकडे बँकेपेक्षा तुम्हीच जास्त बारकाईने पाहायला हवं. फक्त ती पाहण्याची साधनं वेगळी.

आता या प्रणाली आत काय करतात ते पाहू, म्हणजे विक्रेत्याशी बोलताना बरं पडेल. कर्जाची अपेक्षित हानी काढायला तीन आकडे लागतात: कर्ज थकण्याची शक्यता, थकल्यावर किती टक्के बुडेल, आणि त्या वेळी येणं किती असेल. समजा १० लाखांचं कर्ज आहे, थकण्याची शक्यता ४ टक्के, आणि थकलं तर तारण विकून ६० टक्के हाती येतात, ४० टक्के जातात. अपेक्षित हानी १६,००० रुपये. गुणाकार कोणीही करेल. कंपनी पैसे घेते ते त्या ४ टक्क्यांच्या अंदाजाचे. तो अंदाज कोणाच्या कर्जांवरून बांधला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. शहरातल्या पगारदारांच्या मासिक हप्त्यांवरून बांधलेला असेल तर तो ऊस उत्पादकाला कायमचा थकबाकीदार ठरवेल. सुरू ऊस बारा महिन्यांचा, आडसाली अठरा महिन्यांचा. पैसा हाती येतो तो तोड होऊन बिल निघाल्यावर. दर महिन्याला हप्ता शोधणाऱ्या यंत्राला यात अकरा महिने चूक दिसते आणि बाराव्या महिन्यात चमत्कार.

बाजार-जोखमीचा भाग तर सरळ वगळायला सांगा. जे. पी. मॉर्गनने १९९४ मध्ये रिस्कमेट्रिक्स नावाने आपली पद्धत जाहीर केली, तेव्हापासून ‘व्हॅल्यू ॲट रिस्क’ (भाव फिरले तर ठरावीक काळात किती तोटा होऊ शकतो याचा अंदाज) जगभर पसरलं. रोज ज्यांचा भाव बदलतो असे रोखे, चलन, शेअर मोठ्या प्रमाणावर बाळगणाऱ्यांसाठी ते आहे. तुमची गुंतवणूक जिल्हा बँकेतल्या आणि इतर बँकांतल्या मुदत ठेवींत आहे. तिचा रोजचा भाव निघत नाही. तिथे विचार करायचा तो एवढाच, की सगळी एकाच बँकेत ठेवली आहे का.

आता माहितीकडे येतो. तपासणीत मला सगळ्यात जास्त खटकतं ते मार्चअखेरचं नवं-जुनं. कर्ज थकायला आलं की त्याच माणसाच्या नावे, नाहीतर भावाच्या नावे, नवं कर्ज टाकायचं, जुनं भरून घ्यायचं, आणि ३१ मार्चला खातं स्वच्छ. सोनेतारणात तर हे सर्रास होतं: व्याज भरून घेऊन तीच पिशवी नव्या नंबरावर. शाखेला यात गैर वाटत नाही, सभासदाला सांभाळून घेतलं असं वाटतं. पण प्रणालीला दिसतं ते असं, की जुनं कर्ज पूर्ण फिटलं आणि चांगल्या फेडीच्या माणसाने नवं घेतलं. ती त्याला उत्तम गुण देते. ज्याचं कर्ज चारदा फिरवलं तो तिच्या नजरेत चार कर्जं फेडलेला आदर्श कर्जदार असतो. या माहितीवर कितीही हुशार गणित चालवलं तरी उत्तर उलटंच येणार.

मोठ्या प्रमाणावर हेच मुंबईच्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत झालं. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध आणले, तेव्हा उघड झालं की कर्जांपैकी ७० टक्क्यांहून जास्त रक्कम एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होती, आणि ती २१ हजारांहून अधिक बनावट खात्यांच्या आड लपवलेली होती. तिथे संगणक होते, लेखापरीक्षक होते, वरून तपासणीही होत होती. दिलेली यादीच खोटी होती. तुमच्याकडे असा हेतू नाही हे मी धरून चालतो. पण नवं-जुनं केलेल्या खात्यावर वेगळी खूण नसेल तर दिसणारं चित्र तितकंच फसवं होतं.

म्हणून पहिलं काम: गेल्या तीन वर्षांतलं प्रत्येक नवं कर्ज घ्या आणि पाहा, वाटप झाल्यापासून पंधरा दिवसांच्या आत त्याच कुटुंबाचं दुसरं कर्ज बंद झालं का. झालं असेल तर ते नवं-जुनं समजा आणि मूळ कर्जाची तारीख त्याला लावा. कुटुंब ओळखण्यासाठी पॅन, आधार, मोबाइल आणि रेशन कार्ड यांचा आधार घ्या, नावावर विसंबू नका. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव एका शाखेत कन्नड कागदावरून चढलेलं असतं, दुसरीत मराठीवरून, आणि आडनाव दोन तऱ्हांनी. हे काम कंटाळवाणं आहे, पण यातून निघणारा थकबाकीचा आकडा मंडळाने एकदा डोळ्यांनी पाहायलाच हवा.

दुसरं काम जामीनदारांचं. एकाला दुसरा जामीन, दुसऱ्याला तिसरा, आणि तिसऱ्याला पहिला. कागदावर प्रत्येक कर्जाला दोन सक्षम जामीनदार दिसतात, प्रत्यक्षात आठ-दहा जणांचा एक गट एकमेकांवर उभा असतो. त्यातला एक पडला की जामीन म्हणून वसूल करायला जो उरतो त्याच्यावर स्वतःचंच कर्ज असतं. पाचही शाखांचे जामीनदार एका तक्त्यात आणून आधारवार लावा. तीनपेक्षा जास्त ठिकाणी दिसणारं प्रत्येक नाव वसुली अधिकाऱ्याने जाऊन तपासायचं. शाखा-शाखांत पाहिलं तर ही साखळी कधीच दिसत नाही.

तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते कोणतीही कंपनी तुमच्यासाठी करणार नाही. प्रत्येक कर्जापुढे एक रकाना: हे कर्ज कशातून फिटणार? कर्जाचं कारण लिहू नका, ते ‘घरदुरुस्ती’ नाहीतर ‘शेती सुधारणा’ असंच असतं. पैसा कुठून येणार ते लिहा. उसाचं बिल, तेही कोणत्या कारखान्याचं. तंबाखू. गूळ. डेअरी. पगार. दुकान. ट्रॅक्टर आणि ऊसतोडीची टोळी. हे भरलं की लक्षात येतं की ट्रॅक्टरचं कर्ज, खतदुकानाची कॅश क्रेडिट, तोडणी ठेकेदाराला दिलेली उचल आणि सभासदाने लग्नासाठी घेतलेलं कर्ज ही चार वेगळी खाती नाहीत. चारही एकाच कारखान्याच्या बिलावर टेकलेली आहेत. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात. ते लांबले तर तुमची ही सगळी खाती एकदम लांबतात. प्रणालीत मात्र ती वाहन, व्यापार, शेती आणि वैयक्तिक अशा चार प्रकारांत विभागलेली दिसतात, आणि ती तुम्हाला विविधता चांगली असल्याचं प्रमाणपत्र देते.

त्याच रकान्याशेजारी गावही हवं, आणि तेही पुराच्या हिशेबाने. दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेला पाणी आलं की कारदगा-भोज, जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ, मलिकवाड-दत्तवाड, कल्लोळ-येडूर हे पूल पाण्याखाली जातात हे तुम्हाला माहीतच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये काय झालं तेही तुम्ही पाहिलं आहे. नदीकाठच्या मळीच्या जमिनीवरचा ऊस आणि माळावरचा ऊस यांना एकच जोखीम लावणं चूक आहे. पुराच्या वर्षी काठावरच्या गावांतली थकबाकी आणि बाकीच्या गावांतली थकबाकी वेगळी काढा. २०१९ चे आकडे तुमच्याकडे आहेत, ती तुमची स्वतःची चाचणी आहे. कोणत्याही कंपनीच्या ‘प्रतिकूल परिस्थिती’च्या गणितापेक्षा ती खरी.

सीमेचा मुद्दाही यात येतो. तुमचे बरेच सभासद राहतात इकडे आणि जमीन कागल किंवा शिरोळ तालुक्यात, नाहीतर उलट. इकडचा उतारा कर्नाटकच्या ‘भूमी’ या जमीन-नोंदीच्या प्रणालीत, तिकडचा सातबारा महाराष्ट्राच्या प्रणालीत. बोजा एकीकडे चढवलेला असतो आणि दुसरीकडे त्याच माणसाने विकास सोसायटीचं कर्ज उचललेलं असतं. क्रेडिट ब्युरोच्या अहवालात बँकांची आणि वित्त कंपन्यांची कर्जं दिसतात, पण आपल्याकडच्या कितीतरी पतसंस्थांची दिसत नाहीत. म्हणजे ७५० गुणांचा माणूस तीन सौहार्दांत गळ्यापर्यंत बुडालेला असू शकतो. विक्रेत्याला विचारा: दोन्ही राज्यांचे उतारे तुमची प्रणाली वाचते का? आणि कर्जमाफीचं काय? महाराष्ट्रात २०१७ आणि २०१९ मध्ये, कर्नाटकात २०१८ मध्ये माफी जाहीर झाली. ती मुख्यतः पीक कर्जाला होती. तरी घोषणेची चाहूल लागली की आपली वसुलीही मंदावते, आणि सीमेवर दोन्ही राज्यांच्या घोषणांचा परिणाम एकाच गावात होतो. बंगळूरात बसून बांधलेल्या गणितात हे असेल असं मला वाटत नाही. असेल तर दाखवा म्हणावं.

रोखतेबद्दल. हा भाग मात्र तरुण संचालकांचं ऐकून तातडीने सुरू करा, पण त्यासाठी ९ लाख लागत नाहीत. नागरी बँका ठेवी आणि कर्जं मुदतीप्रमाणे कप्प्यांत मांडतात: १ ते १४ दिवस, १५ ते २८ दिवस, २९ दिवस ते ३ महिने, असं पुढे. प्रत्येक कप्प्यात येणारं किती, जाणारं किती. तुमच्या सध्याच्या कोअर बँकिंग सॉफ्टवेअरमध्ये हा अहवाल बहुधा आधीपासूनच आहे आणि कोणी उघडलेला नाही. मी जिथे जातो तिथे हा अनुभव वारंवार येतो. फक्त तो आपल्या ऋतुमानाप्रमाणे वाचायला हवा. ऊसबिलं डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत येतात, तेव्हा ठेवी वाढतात. जूनमध्ये शाळेची फी, बी-बियाणं, खत, तेव्हा निघतात. दिवाळीच्या जादा व्याजाच्या योजनेतल्या पावत्या एकाच पंधरवड्यात मुदत संपून समोर येतात. आणि सर्वांत मोठे वीस ठेवीदार मिळून एकूण ठेवींच्या किती टक्के आहेत, हा आकडा चेअरमन आणि सेक्रेटरी यांना दर महिन्याला पाठ असायला हवा. त्यांतले चार जण एकाच कुटुंबातले असतील तर ते एकच ठेवीदार.

पूर्वसूचनेसाठी तुमच्याकडे असं एक साधन आहे, जे मोठ्या बँकांकडेही क्वचित असतं: पिग्मी, म्हणजे एजंटाने रोज दारात येऊन गोळा करायची छोटी बचत. सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये किनारपट्टीवर सुरू केलेली ही पद्धत आपल्याकडे घराघरांत रुजली. दुकानदाराचा रोजचा भरणा १०० वरून ५० वर आला, मग दिवसाआड झाला, मग एजंटाला ‘उद्या या’ सुरू झालं, तर त्याचं कर्ज थकायला अजून वेळ असतो, पण धंदा आधीच बसलेला असतो. ज्यांच्याकडे पिग्मी आणि कर्ज दोन्ही आहे अशा सभासदांची यादी काढा. भरणा सलग दोन महिने निम्म्याहून खाली गेला की शाखा व्यवस्थापकाने भेटायचं. माझ्या कामात वेळेवर मिळालेला इशारा बहुतेक वेळा याच वहीतून आला आहे.

आता कंपनीची परीक्षा. सादरीकरणातली उदाहरणं पाहू नका. तुमची ३१ मार्च २०२२ ची कर्जयादी त्यांना द्या, नावं काढून, आणि पुढचं काही सांगू नका. नंतर बंद झालेली, निर्लेखित केलेली (बुडीत धरून हिशेबातून काढलेली) खातीही त्यात असू द्या. ती गाळली तर परीक्षा सोपी होते. त्यांना म्हणा, पुढच्या दोन वर्षांत कोणती थकतील ते सांगा. त्याच वेळी शाखा व्यवस्थापकांनी वरच्या रकान्यांवरून स्वतःची यादी करायची. मग प्रत्यक्षाशी ताडा. समजा दोन हजारांतली ४० खरोखर थकली. प्रणालीने ४०० वर बोट ठेवलं आणि त्यात ३० सापडली. व्यवस्थापकांनी १५० वर ठेवलं आणि २४ सापडली. वरवर प्रणाली सरस दिसते. पण तुमचे दोन वसुली अधिकारी महिन्यात किती घरी जाऊ शकतात? चारशेंच्या यादीवर काम होत नाही, ती कपाटात जाते. किती पकडली याबरोबर किती उगाच दाखवली हेही मोजा. कंपनी या परीक्षेला तयार नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

खर्चाचा हिशेबही मांडा. थकलेल्या कर्जातले ४० टक्के बुडतात असं धरलं, तर ९ लाख वाचवण्यासाठी दरवर्षी साडेबावीस लाखांची थकू पाहणारी कर्जं केवळ या प्रणालीमुळे वेळीच सावरली पाहिजेत. तुमच्या आकाराच्या संस्थेत हे अशक्य नाही. पण वर सांगितलेली तीन कामं केल्यावर त्यातला मोठा भाग प्रणालीविनाच सावरला जाईल, आणि ९ लाखांसमोर उरलेलाच भाग मोजायचा.

उद्या घ्यायची ठरलीच तर करारात काही गोष्टी पाहा. सभासदांची माहिती संस्थेची राहील, करार संपल्यावर ती साध्या तक्त्याच्या रूपात परत मिळेल आणि त्यांच्याकडची पुसली जाईल. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे, त्यामुळे सभासदाच्या माहितीची जबाबदारी कंपनीकडे बोट दाखवून टळणार नाही. गुण कमी आला तर का आला ते मराठीत आणि कन्नडमध्ये, सभासदाला समजेल असं सांगता आलं पाहिजे. ‘कॉम्प्युटर नको म्हणतो’ हे उत्तर सभासदाला देणं मला मान्य नाही. त्याचा तुमच्या संस्थेत भाग आहे. आणि पहिला करार एक वर्षाचाच, फक्त थकबाकीच्या पूर्वसूचनेच्या भागापुरता.

बेळगाव शहरातल्या संस्थांचे लोकही हे वाचतील म्हणून त्यांच्यासाठी एक ओळ: उसाच्या बिलाच्या जागी उद्यमबागेतल्या फाउंड्रींची ऑर्डर ठेवा. दहा कारखाने एकाच वाहन कंपनीच्या पुरवठ्यावर चालत असतील तर ती दहा कर्जं नव्हेत.

पुढच्या बैठकीत ‘घ्यायची की नाही’ हा ठराव नका ठेवू. नवं-जुनं, जामीनदार आणि ‘कशातून फिटणार’ या तीन याद्या चार महिन्यांत पूर्ण करायचा ठराव ठेवा, आणि त्यासाठी शाखांबाहेरचा एक माणूस नेमा. ज्याने कर्ज दिलं त्यानेच ही यादी करू नये. यादीची सुरुवात सर्वांत मोठ्या शंभर कर्जांपासून करा, मग पूरगावं घ्या. ‘कशातून फिटणार’ हा रकाना भरताना शाखा ‘इतर’ असं लिहायला लागतील, ते स्वीकारू नका. ‘इतर’ शंभरातल्या पाचापेक्षा जास्त झालं तर यादी परत पाठवा.